पहिला नंबर नाखव्याचा

माझा पहिला नंबर नाखव्याचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद नको. पाण्याखाली राहणारा, अंगावर खवले असलेला, हातात नांगराची साखळी घेऊन फिरणारा तो वीर लहानपणापासून माझ्या यादीत पहिला आहे आणि मरेपर्यंत तोच राहणार. माझी मुलगी म्हणते, "पप्पा, यू कान्ट डू दॅट." कान्ट काय कान्ट? यादी माझी आहे.

नाखवा हे त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव अरबीत छापलेलं होतं आणि आम्हाला अरबी येत नव्हतं. म्हणजे वाचता येत होतं, समजत नव्हतं. हे विचित्र वाटेल, म्हणून सांगतो. आम्ही रत्नागिरीकडचे मुसलमान. गावात दिवसा मराठी शाळा आणि संध्याकाळी मशिदीत कुराणाचा सबक. तिथे अक्षरं ओळखायची, जेर-जबरच्या खुणा बघून उच्चार करायचे, सूरा तोंडपाठ करायच्या. अर्थ पोरांना कुणी विचारत नसे. मी तिसरीत आणि माझी मोठी बहीण, आपा, सातवीत असताना अब्बांनी आम्हाला अमिरातीत, खोर फक्कानला आणलं. अब्बा बंदरात टगवर होते, मोठी जहाजं ओढून धक्क्याला लावणाऱ्या त्या बुटक्या, दांडग्या बोटींवर. आमचं इंग्रजी एबीसीडीपुरतं. आणि घराखालच्या ग्रोसरीत कॉमिक्स मिळायची ती सगळी अरबीत.

मग आपा वाचून दाखवायची. तिची पद्धत अशी होती: फुग्यातल्या अक्षरांवर बोट ठेवायचं, सबकाच्या चालीवर एक ओळ ओढायची, श्वास घ्यायचा आणि मराठीत अर्थ सांगायचा. कॉमिकमध्ये जेर-जबर नसतात, त्यामुळे उच्चारसुद्धा अंदाजपंचेच. पण आपाच्या चेहऱ्यावर असा रुबाब, की शंका घ्यायची कुणाची छाती होती? "हा म्हणतोय, थांबा रे, ह्या लाँचमध्ये बायकापोरं आहेत." मी तोंडाचा आ करून ऐकायचो. मला वाटायचं, माझ्या बहिणीला जगातलं सगळं येतं.

आतून अम्माला फक्त चाल ऐकू यायची. पोरं परदेशात येऊनही सबक विसरली नाहीत म्हणून ती खूश. एकदा दोघांना दूध घेऊन बाहेर आली आणि बघते तर काय, आमच्या मांडीवर घट्ट कपड्यांतले दांडगे बाप्ये! "तोबा तोबा!" दूध राहिलं बाजूला, आपाच्या पाठीत धपाटा बसला. महिनाभर कॉमिक्स बंद झाली. नंतर आपाने चाल बदलली, एवढंच.

तर यादी. पाचवा दगडी टोपीवाला. ताकद अफाट, डोंगर उचलायचा, पण मला जन्मजात ताकदवाल्यांचं कधीच फारसं कौतुक वाटलं नाही. मिळालेलंच आहे, त्यात तुझं काय रे? चौथा भिंतीवाला, भिंतीतून आरपार जाणारा. तिसरी ठिणगी. बोटं चोळली की वीज पडायची. आपाच्या मराठीत ती भयंकर तापट होती आणि बरीचशी अम्मासारखी बोलायची. "मेल्यांनो, पाय पुसून या!" म्हणत ती चोरांवर वीज टाकायची. दुसरा तो म्हातारा, ज्याने श्वास रोखून धरला की तेवढा वेळ घड्याळ थांबायचं. त्याच्याबद्दल पुढे बोलतो, आत्ता नको.

अजून एक गंमत होती. अरबी पुस्तक उजवीकडून उघडतं, म्हणून छापताना चित्रंच्या चित्रं उलटी फिरवलेली असायची, आरशात दिसतात तशी. त्यामुळे सगळे वीर डावखुरे झाले होते. डाव्या हाताने ठोसा, डाव्या हातात साखळी. आपा जन्माची डावखुरी. तिचा डावा हात ताटाकडे गेला रे गेला की अम्माची चापट बसायची. आपल्यात डाव्या हाताने जेवणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पुढे पुढे ती उजव्या हाताने शिकली, अक्षरही उजव्याने घोटून घोटून सुंदर केलं. पण कॉमिक उघडलं की माझ्या कानात कुजबुजायची, "बघ, ह्यांना कुणी मारत नाही."

आपा पुढे गणिताची शिक्षिका झाली. अल ऐनमधल्या एका शाळेत लागली. लग्न केलं नाही, तो विषय तिने कुणाला काढू दिला नाही. अब्बा गेल्यावर अम्मा तिच्याकडेच राहायला गेली. मी खोर फक्कानलाच राहिलो, बंदराच्या ऑफिसात. कुठला कंटेनर कुठे ठेवायचा, ह्याच्यात आयुष्य चाललंय.

नाखव्याचं बिंग फुटलं ते दुबईत, अल क्वोजमध्ये. तिथल्या एका गोदामात जुन्या कॉमिक्सवाल्यांचा मेळा भरतो. मुलगी मला ओढत घेऊन गेली. आत सगळी विशी-पंचविशीतली पोरं, हातात प्लास्टिकमध्ये घातलेली पुस्तकं, आणि मी एकटा पोट सुटलेला. एक जण माइक फिरवत होता, ज्याने त्याने आपले आवडते पाच सांगायचे. माझ्याकडे माइक आला. नाव ठाऊक नाही म्हणून मी वर्णन करून सांगितलं, खवले, साखळी, बोटींना वाचवणारा. सगळे हसायलाच लागले. एका पोराने प्लास्टिकमधून इंग्रजी अंक काढून माझ्यापुढे धरला. नाखवा बोटी वाचवत नव्हता. बुडवत होता! पानापानावर बुडवत होता, आणि शेवटी सगळ्या वीरांनी मिळून त्याला समुद्राच्या तळाशी मारला होता. "पप्पा, ही इज द व्हिलन," मुलगी हळूच म्हणाली. वर त्या इंग्रजी पुस्तकात सगळे उजव्या हाताने मारामारी करत होते. मला तर कुणीतरी भर बाजारात तोंडात मारल्यासारखं झालं.

डोकं फिरलं. तो अंक त्या पोराकडून विकत घेतला आणि दुसऱ्या दिवशी तडक अल ऐन गाठलं. "आपा, हे काय? लहानपणापासून मला फसवलंस?"

आपा वह्या तपासत होती. अंक बघितला आणि हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग म्हणाली, "अरे शहाण्या, अब्बा बोटीवर गेले की तू खिडकी सोडायचा नाहीस. जरा वारा सुटला की रडायला सुरुवात. आणि चित्रात हा बाबा बोटीला खालून हात लावून उभा. तुला काय सांगणार होते, बुडवतोय म्हणून? म्हटलं, वर उचलतोय. चित्र तेच की!"

मी चित्र पुन्हा बघितलं. खरंच तेच होतं. बोटीच्या बुडाशी दोन पंजे. त्यावरून ओढतोय की उचलतोय हे कोण सांगणार? अब्बांच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या त्या लहान पोराला जो धीर मिळाला होता तो खोटा नव्हता, आणि तो त्या खवलेवाल्याने दिला नव्हता, हिने दिला होता. तेव्हाच ठरवलं, पहिला नंबर हलणार नाही.

गेल्या हिवाळ्यात आपा शाळेच्या स्टाफरूममध्ये कोसळली. सकाळची वेळ, हातातून चहाचा कप पडला, बरोबरच्या बायकांना वाटलं चक्कर आली. तोवर मेंदूत रक्ताची गुठळी अडकली होती. मला फोन आला तेव्हा मी बंदरात होतो. गाडी चालवत असताना एकच विचार डोक्यात घुमत होता, तो श्वास धरून वेळ थांबवणारा म्हातारा. हसू नका. असं काही झालं की माणसाच्या डोक्यात काय येईल त्याचा नेम नसतो. मी खरोखरच श्वास रोखून बघितला. घड्याळ चालूच होतं. त्या दिवसापासून तो म्हातारा माझ्या यादीतून गेला. दुसरा नंबर रिकामा आहे.

आपा वाचली. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. डोळ्यांत सगळं दिसायचं. तोंड उघडायची आणि आवाज यायचा तो शब्द नसलेला. वर्गात कडाकडा बोलणारी बाई! मला ते बघवत नसे. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन उभा राहायचो आणि परत आत यायचो.

जेवणाचा पहिला दिवस आठवतो. नर्सने ताट ठेवलं. "यल्ला, चला मम्मा, तिला स्वतः खाऊ दे," असं अम्माला म्हणाली. आपाने डावा हात उचलला आणि सवयीने अम्माकडे बघितलं. पन्नाशीला आलेली बाई, अजून परवानगी मागत होती. अम्माने चमचा घेतला, तिच्या डाव्या मुठीत दिला, बोटं एकेक करून त्यावर मिटवली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मग तो चमत्काराचा दिवस आला. आम्ही त्याला चमत्कारच म्हणालो. अम्मा पलंगाशी बसून सूरा म्हणत होती आणि आपाचे ओठ हलायला लागले. बारीक आवाज आला, मग स्पष्ट. अम्मा थांबली तरी आपा म्हणत राहिली, शेवटपर्यंत, एकही चूक न करता. अम्मा ओरडलीच. मी धावत आत आलो. बोलली! माझी बहीण बोलली! गावाला फोन गेले, मामू रडले, मावशी रडली, कुणी नवस फेडायचा म्हणून निघालं. मी खाली जाऊन मिठाईचा बॉक्स आणला आणि नर्सपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांच्या हातावर एकेक तुकडा ठेवला.

मिठाई घेऊन आपाजवळ गेलो. "आपा, पाणी हवंय की चहा?" तिने माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. आणि आली ती पुन्हा तीच सूरा, पहिल्या शब्दापासून. तिने ती थांबवायचा प्रयत्न केला, थांबेना. मग स्वतःच्याच तोंडावर डावा हात दाबून धरला. तिला कळत होतं. आपल्याला म्हणायचंय एक आणि येतंय दुसरं, हे तिला पुरतं कळत होतं. बॉक्स हातातच राहिला.

बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई केरळच्या होत्या, हिंदीत बोलायच्या. त्यांनी समजावून सांगितलं की असं पुष्कळदा होतं. लहानपणी पाठ केलेलं असतं ते राहतं. प्रार्थना, गाणी, आकडे, ते आपोआप बाहेर पडतं. स्वतःच्या मनातलं जुळवून सांगायचं, ते गेलेलं असतं. आम्ही करून बघितलं. "बे एके बे" म्हणून सुरुवात करून दिली तर आपा मराठीत पाढे धडाधड म्हणायची. चहात साखर किती, ते सांगता येत नव्हतं. "तिने स्वतःचं एक वाक्य बनवलं पाहिजे," बाई म्हणाल्या, "कुणी न शिकवलेलं. एक आलं की मला आशा आहे. आणि तुम्ही सगळे तिच्या होला हो करता, ते बंद करा. काहीतरी चुकीचं बोला. तिला भांडावंसं वाटू दे."

अम्मा म्हणाली, "इन्शाल्ला, येईल बोलणं." मी म्हटलं, भांडणच हवं ना? ते मला जमतं.

पुढच्या शुक्रवारी कपाटातली सगळी जुनी अरबी कॉमिक्स गाडीत टाकली. दुपारच्या नमाजानंतर तिच्या पलंगावर मांडली आणि म्हणालो, "मी यादी बदलली आहे. आता पहिला भिंतीवाला." आपाने डोळे वटारले. "दुसरा दगडी टोपीवाला. ठिणगीला मी काढून टाकली, फार बडबड करते." तिने डाव्या हाताने एक अंक उचलला आणि माझ्या टाळक्यात हाणला. अम्मा हसली. त्या आजारपणात अम्मा पहिल्यांदा हसली. पण शब्द काही आला नाही.

असे कितीतरी शुक्रवार गेले. मी चुकीचं वाचायचो, आपा चिडायची, मान हलवायची, चिमटे काढायची. शब्द येत नव्हता. शाळेने टर्म संपेपर्यंत वाट बघायचं कबूल केलं होतं. त्यानंतर खलास. नोकरीबरोबर व्हिसा जाणार, अम्मा आणि आपा गावाला जाणार. गावात थेरपिस्ट कुठून आणायची? तिथे दिवसभर लोक येतील, "बिचारी" म्हणतील, तिच्याकडून सूरा म्हणवून घेतील आणि समाधानाने घरी जातील. आपा त्या सूरांच्या मागे कायमची गप्प बसेल, ह्याची मला भीती वाटत होती. अम्मापुढे बोलायची सोय नव्हती. तिला तेवढा आवाजसुद्धा पुरेसा वाटायला लागला होता. "अल्लाचं नाव तरी तोंडात आहे ना," ती म्हणायची. मी कसं सांगू, की मला माझी बहीण हवी आहे, खोटं बोलणारी, टोमणे मारणारी?

शेवटी मी नको ते केलं. नाखव्याचं पान उघडलं आणि म्हणालो, "हा बोटी बुडवतो. ह्याचा नंबरच नाही."

ती चिडली नाही. बराच वेळ चित्राकडे बघत राहिली. मग डावा पंजा उताणा करून हवेत वर नेला. पुन्हा खाली आणला, पुन्हा वर नेला. उचलतोय. बुडवत नाही, उचलतोय. ओठ हलत होते आणि काही येत नव्हतं. मी म्हटलं, "हो आपा, उचलतोय, कळलं." बाईंनी होला हो करू नका सांगितलं होतं, पण त्या वेळी दुसरं काही सुचलंच नाही.

टर्म संपत आली. त्या शुक्रवारी गेलो तेव्हा अम्माने घरून मऊ भात आणि माशाचं कालवण आणलं होतं. आधी आपाचं जेवण झालं होतं, आता तीच ताटली धरून अम्मा उरलेलं खायला बसली होती. मी भांडणाच्या मूडमध्ये नव्हतो. सहज नाखव्याच्या अंकाचं शेवटचं पान उघडलं. लहानपणी हे पान आपाने मला कधी वाचून दाखवलं नव्हतं. तळाशी वाळूत तो आडवा पडलेला, डोळे मिटलेले, साखळी छातीवर. वर एकच फुगा, त्यात दोन ओळी. मी अक्षरांवर बोट ठेवून, अडखळत, सबकाच्या चालीवर त्या वाचल्या. अर्थ सांगितला नाही. अर्थ मला इंग्रजीतून ठाऊक होता आणि तो मला तोंडाने म्हणायचा नव्हता.

आपा पुढे झुकली. माझं बोट बाजूला केलं आणि तिथे आपलं ठेवलं. ओठ हलले. आता पुन्हा सूरा येणार असं मला वाटलं, अम्मालाही वाटलं असावं, कारण तिने डोक्यावर पदर घेतला.

"ह्याला," आपा म्हणाली. थांबली. कपाळावर घाम आला होता. "ह्याला... भूक... लागली."

हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं. अरबीत नव्हतं, इंग्रजीत नव्हतं, कुणी तिला पाठ करायला दिलं नव्हतं. तिच्या तिने बनवलं होतं, आत्ता, माझ्यासमोर. मला ओरडायचं होतं, बाईंना हाक मारायची होती, पण मी जागचा उठलो नाही. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

अम्माने ताटली खाली ठेवली. ह्या पुस्तकांना तिने जन्मात कधी हात लावला नव्हता. आता चष्मा लावला, अंक स्वतःकडे ओढला, त्या निजलेल्या खवलेवाल्याकडे नीट बघितलं.

"मग?" तिने आपाला विचारलं. "जेवला काय?"

आपा शोधायला लागली. तिचा डावा हात चादरीवर मिटत होता, उघडत होता. मी मदत केली नाही, अम्मानेही केली नाही. ह्याचं उत्तर आम्हाला ठाऊकच नव्हतं, ते फक्त तिच्याजवळ होतं.

"नाय," आपा म्हणाली. "आधी... पोरं."